जिम्नो म्हणजे नागडं

बंदरावर तिला सगळे थेंबवाली म्हणायचे. तोंडावर ताई, पाठ वळली की थेंबवाली.

मासळीच्या लिलावाच्या छपरामागे पाणी तपासणीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पुढच्या खोलीत साहेब बसायचे, मागच्या खोलीत ती. खिडकीपाशी एक उंच स्टूल, त्याच्यासमोर सूक्ष्मदर्शक, बाजूला पाण्याच्या बाटल्या. समोर एवढा समुद्र पसरलेला असताना ही बाई डोळा बारीक करून एका थेंबात काय शोधते, याची बंदरावरच्या लोकांना फार गंमत वाटायची. कुणी विचारलंच तर ती सांगायची, "कोण कोण राहायला आलंय ते बघते."

काम तेच होतं. खाडीत तराफे बांधलेले होते आणि तराफ्यांना लोंबणाऱ्या दोरांवर शिंपल्या वाढायच्या. शिंपली दिवसभर पाणी पीत असते, गाळत असते, आणि त्या पाण्यातलं डोळ्याला न दिसणारं शेवाळ खात असते. त्यातलं एखादं शेवाळ विषारी निघालं तर शिंपलीला काही होत नाही. होतं ते तिला खाणाऱ्याला. म्हणून नावाडी खाडीतून बाटल्या भरून आणायचा, थेंबवाली त्यात डोकं घालायची, आणि तिनं पाणी चांगलं म्हटलं की शिंपल्या काढायला सुरुवात व्हायची. मधून मधून शिंपल्यांचा गरही मोठ्या प्रयोगशाळेत जायचा, पण तिकडून उत्तर येईपर्यंत माल बाजारात जाऊन लोकांच्या पोटात गेलेला असायचा. खरी भिस्त तिच्यावरच.

त्या तराफ्यांतला एक तिच्या दादाचा होता. वडील गेल्यावर दादानं तो सांभाळला आणि बहिणीला कॉलेजात घातलं. "तू वरून बघ, मी खालून बघतो," असं तो म्हणायचा. त्याचा अर्थ काय, हे त्यालाही नीट माहीत नसावं.

कॉलेजात तिला जीवशास्त्र शिकवणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांचं एक वेड होतं. शास्त्रीय नावं पाठ करायची नसतात, सोलायची असतात, असं त्या म्हणायच्या. एक दिवस त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जिम्नो', आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "ग्रीक शब्द आहे. जिम्नोस. अर्थ, नागडं. आधी हसून घ्या, मग पुढे जाऊ."

वर्ग हसला. बाई थांबल्या. मग सुरू झाल्या.

जिम्नोस्पर्म म्हणजे नागड्या बियांची झाडं. पाइन, सायकस वगैरे. यांची बी फळाच्या आत नसते, शंकूच्या खवल्यावर उघडी बसलेली असते. "आपल्या पुस्तकवाल्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी अनावृतबीजी असे सभ्य कपडे घातले तिला." जिम्नोथोरॅक्स म्हणजे उघड्या छातीचा. तो खडकाच्या फटीत राहणारा, सापासारखा मासा, त्याला छातीजवळचे पर नसतात. जिम्नोटस म्हणजे उघड्या पाठीचा, विजेचा झटका देणाऱ्या माशांच्या घराण्यातला. त्याला पाठीवर पर नाही. जिम्नोफिओना म्हणजे नागडा साप. "तो साप नाहीच. बेडकाचा लांबचा भाऊबंद, पाय नसलेला, मातीत राहणारा. पण ज्यानं नाव ठेवलं त्याला तसा दिसला, काय करणार!" जिम्नेमा नावाच्या वेलीची तर त्यांनी पानंच आणली होती. नावाचा अर्थ नागडा धागा, पण गंमत वेगळीच. सगळ्यांनी पान चघळलं, मग बाईंनी हातावर चिमूट चिमूट साखर दिली. साखर वाळूसारखी लागली. आपल्याच जिभेनं आपल्याला फसवावं, याचा धक्का मोठा असतो.

शेवटी बाई म्हणाल्या, "आणि जिम? व्यायामाची? तेही तिथूनच. ग्रीक लोक व्यायाम करताना अंगावर काही ठेवत नसत."

संध्याकाळी हे तिनं जेवताना घरी सांगितलं. दादा तेव्हा नुकताच जिमला जायला लागला होता. आईचा घास हातातच राहिला.

"मग तू काय घालून जातोस रे?"

"अगं आई, चड्डी-बनियन!" दादा कळवळून म्हणाला. "ही काहीही बोलते आणि तू मला विचारतेस!"

जिम्नोडिनियमही त्याच तासाला होतं. नागडी गिरकी. पाण्यात गिरक्या घेत पोहणारं, एकाच पेशीचं शेवाळ. त्याच्या भावंडांच्या अंगावर फरशा बसवल्यासारखं कवच असतं, याच्या अंगावर काहीच नाही. तिनं ते लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. नोकरी लागल्यावर भिंतीवरच्या विषारी शेवाळांच्या तक्त्यात हे नाव रोज तिच्या नजरेसमोर असायचं. आपल्याला त्याचा अर्थ माहीत आहे, असं तिला वाटायचं.

मग तो आठवडा आला.

नावाडी बाटल्या घेऊन आला. नेहमीच्या सूचनेप्रमाणे त्यानं होडीतच प्रत्येक बाटलीत फॉर्मलिन टाकलं होतं. ही सूचना ऑफिस सुरू झालं तेव्हापासूनची. फॉर्मलिन टाकलं की पाण्यातलं सगळं जिथल्या तिथे मरतं, टिकतं, सवडीनं मोजता येतं.

"ताई, पाणी जरा चहाचा कप विसळल्यासारखं दिसतंय," नावाडी म्हणाला. "तराफ्यांच्या बाजूला."

"वारा सुटला होता ना. गाळ असेल."

"गाळ असा चकाकत नाही."

तिनं थेंब घेतला. कवचवाली नेहमीची मंडळी होती, थोडीच, आणि निरुपद्रवी. बाकी सगळीकडे तपकिरी चुरा. फुटके तुकडे, डाग, भुगा. असा चुरा तिनं शेकडो वेळा पाहिला होता. तिनं पुन्हा एक थेंब घेतला, आणखी एक घेतला. चुरा जास्त होता, एवढंच. विषारी काही नाही. तिनं तसं साहेबांना सांगितलं, साहेबांनी सही केली आणि तराफ्यांवर निरोप गेला.

घरी जाताना चहाच्या दुकानाबाहेर जाळी विणणारे आजोबा बसले होते. बंदरावरचा सगळ्यात म्हातारा माणूस. ठार बहिरे, एकटे राहायचे, मुलगी दुसऱ्या गावी. धक्क्यापलीकडच्या खडकांवरून स्वतःपुरत्या शिंपल्या काढून आणायचे. तिला बघून त्यांनी हातानं खायची खूण केली आणि भुवया उडवल्या. तिनं अंगठा वर केला आणि त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगितलं, "खा आजोबा! पाणी चांगलं आहे!"

आजोबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. लोक आपल्या कानाशी किती जोरात ओरडतात, याची त्यांना फार मौज वाटायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. वहिनीच्या आवाजात अजून काळजी नव्हती, नुसता वैताग होता.

"ताई, हे बघा ना काय करतायत. ओठांना मुंग्या आल्यात म्हणतात, आणि हसत सुटलेत. मला वाटलं कुठे घेऊन आले की काय. पण वास तर येत नाही."

"काय खाल्लं त्यानं?"

"शिंपल्याच की. आज पहिला माल काढला ना. यांनी आणि आईंनी खाल्ल्या. मला सोसत नाहीत, तुम्हाला माहितीये."

थेंबवालीनं चमचा खाली ठेवला. मुंग्या. ओठांना. पुस्तकातली ओळ तिला आठवायचीही गरज पडली नाही.

"आई कशी आहे?"

"त्यांनी चार-दोनच खाल्ल्या. जीभ जड झालीये म्हणतात. ताई, तुम्ही गप्प का झालात? ताई?"

"दोघांना हॉस्पिटलात घेऊन निघ. आत्ता. मी येते."

ती पोचली तेव्हा दादा स्वतःच्या पायांनी आत येत होता. वहिनीनं एक दंड धरला होता. बहिणीला बघून तो हसला. "जमीन मऊ झालीये गं," तो म्हणाला. "गादीवर चालल्यासारखं वाटतंय." शब्द लडबडत होते. खाटेवर बसताना त्यानं हात टेकायला पुढे केला, आणि हात टेकलाच नाही. नुसता लोंबला. दादानं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

त्यानंतरचं इतकं भराभर झालं की वहिनीला रडायलाही वेळ मिळाला नाही. मान कलली. बोलणं थांबलं. छाती वरखाली व्हायची ती हळूहळू थकत गेली, दम लागल्यासारखी नाही, विसरल्यासारखी. डोळे मात्र उघडे, आणि ते डोळे सगळं बघत होते. डॉक्टरांनी नळी घातली, मशीन लावलं, आणि मशीननं दादाच्या वाट्याचा श्वास घ्यायला सुरुवात केली.

डॉक्टर तरुण होते पण गोंधळलेले नव्हते. वहिनीकडे वळून म्हणाले, "शिंपल्यांतून विषबाधा आहे ही. याच्यावर उतारा नाही. पण विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला तर माणूस उठून बसतो. शुद्ध आहे त्यांना, ऐकू येतंय, तेव्हा भलतंसलतं बोलू नका." मग त्यांनी विचारलं, "बंदरावर पाणी तपासायचं ऑफिस आहे ना? त्यांनी शिंपल्या काढायला परवानगी दिलीच कशी?"

शेजारच्या खाटेवर आई बसली होती, ओठ चोळत. तिनं लेकीकडे पाहिलं.

"ते ऑफिस म्हणजे मीच," थेंबवाली म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे वळले.

"मग तुम्ही इथे काय करताय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "यांचा श्वास मशीन घेतंय. बाकीच्यांना कोण सांगणार?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. दादाला वाटली होती तशी मऊ नव्हे. नव्हतीच जमीन. तरी ती जिना उतरली.

साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "अहो, पण कालचा अहवाल माझ्यासमोर आहे. चांगलं आहे पाणी. तुम्हीच सांगितलंत."

"अहवाल चुकला, साहेब."

"कशावरून? एका घरातल्या त्रासावरून मी अख्खा बाजार बंद करू? वर काय सांगू? काहीतरी दाखवा मला."

नावाडी धक्क्यावरच होता. तिनं त्याला काही समजावलं नाही, नुसतं "चल" म्हटलं. तराफ्यांपाशी पोचल्यावर त्यानं सवयीनं बाटली काढली आणि फॉर्मलिनची कुपी हातात घेतली. तिनं ती कुपी त्याच्या हातातून काढून घेतली. का, ते तिला तेव्हा स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिला फक्त पाणी घाईनं बघायचं होतं, टिकवायचं नव्हतं. बादली बुडवली. पाण्याला खरंच गाळाचा रंग नव्हता. उन्हात तांबूस झाक मारत होतं.

ऑफिसात येऊन तिनं त्या जिवंत पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

थेंब भरलेला होता. नुसता भरलेला. एकामागे एक जोडलेल्या पेशी, माळेसारख्या, आणि त्या माळा पोहत होत्या. सगळी माळ एकदम वळायची, एकाच अंगानं गिरकी घ्यायची, पुढे जायची. कवच नाही, फरशा नाहीत. पातळ, मऊ, सोनेरी. जिम्नोडिनियम. तक्त्यावरच्या चित्राहून कितीतरी देखणं. तिनं हे इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं, कारण तिच्यापर्यंत येणारं पाणी आधीच मारलेलं असायचं.

मग तिनं काडीनं फॉर्मलिनचा एक टिपूस थेंबाच्या कडेला लावला.

माळा थबकल्या. पेशी एकमेकींपासून सुटल्या, गोल झाल्या, फुगल्या. आणि फुटल्या. एक फुटली, मग शेजारची फुटली, मग सगळीकडे फुटतच गेल्या. बघता बघता थेंबात काही उरलं नाही. तपकिरी चुरा, डाग, भुगा. कालचाच.

कवचवाल्या त्या चुऱ्यात शाबूत उभ्या होत्या, चिलखत घालून. ज्यांच्या अंगावर काहीच नव्हतं त्या विरघळून गेल्या होत्या.

तिच्या तोंडून आवाज निघाला. साहेब पुढच्या खोलीतून धावत आले, त्यांना वाटलं तिला काही चावलं. ती स्टुलावरून उतरली आणि बोट दाखवलं. साहेबांनी नवा थेंब पाहिला, पोहणारा. मग तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत त्याला फॉर्मलिन लावलं. साहेब बराच वेळ वर उठले नाहीत.

"म्हणजे आपण आजपर्यंत..."

"ती नागडी आहे, साहेब. नावातच आहे."

"काय?"

"जिम्नो. नागडं. नावातच सांगितलंय की हिच्या अंगावर काही नाही. टिकणार कशी?"

साहेबांना यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. लिलावाच्या छपरावरचा भोंगा सुरू झाला आणि त्यावरून साहेबांचा आवाज बंदरभर पसरला, शिंपल्या विकू नका, खाऊ नका, घरात असतील त्या टाकून द्या. पुन्हा पुन्हा. छपराखाली एकच गलका उडाला. काल चांगलं, आज विष? काय पोरखेळ लावलाय का? टोपल्या भरून बसलेल्या एका बाईनं तर रागानं मूठभर शिंपल्या तिच्या अंगावर भिरकावल्या. थेंबवालीनं त्या चुकवल्याही नाहीत. ती तराफ्यांवरून माल कुठे कुठे गेला ते विचारत होती. बहुतेक अजून छपराखालीच होता. एक टोपली मात्र सकाळीच गोदीच्या कँटीनला गेली होती. कँटीनचा फोन कुणी उचलेना.

ती धावली. जिला कधी कुणी जोरात चालतानाही पाहिलं नव्हतं, ती धक्क्यावरून पदर-पर्स सावरत धावतेय, हे बघून लोकांनी वाट सोडली.

कँटीनमध्ये भोंग्याचा आवाज पोचत नव्हता. बाहेर जहाजाच्या पत्र्यावर हातोडे पडत होते. आत लांब बाकांवर कामगार येऊन बसत होते, आणि आचाऱ्यानं मोठं पातेलं नुकतंच शेगडीवरून खाली घेतलं होतं. वाफ येत होती. शिंपल्या तोंडं उघडून वर तरंगत होत्या.

"वाढू नका!" ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "विषारी आहेत."

आचारी दोन्ही हात कमरेवर ठेवून हसला. "ताई, खळखळून उकळल्यात. काय जगणार आहे त्यात?"

"किडा मरतो उकळून. विष मरत नाही. माझा भाऊ मशीनवर आहे."

"कुठल्या मशीनवर?"

त्याला कळलं नाही ही त्याची चूक नव्हती. पण मागे एकानं ताटली पुढे केली होती आणि दुसऱ्यानं पळी उचलली होती. समजावत बसायला वेळ नव्हता. तिनं आचाऱ्याच्या खांद्यावरचं फडकं ओढलं, पातेल्याचा काठ धरला आणि होतं नव्हतं ते बळ लावून उलटं केलं. गरम पाणी फरशीवर पसरलं, शिंपल्या बाकांखालून खडखडत गेल्या. आचारी शिवी हासडायला तोंड उघडून तसाच राहिला. सगळं कँटीन उभं राहिलं.

"तुम्ही चाखलंत का?" तिनं त्याला विचारलं.

"मीठ बघायला... चमचाभर..." आता मात्र त्याचा हात आपोआप ओठांकडे गेला.

त्यालाही हॉस्पिटलात नेलं. त्याला मुंग्या आल्या, उलटी झाली, त्यापलीकडे काही नाही. पुढे तो सगळ्यांना सांगायचा की बाईनं माझं पातेलं उलटवलं म्हणून मी सरळ उभा आहे.

त्या दिवशी आणखी काही जण आले. कुणी शिंपल्या कालच खडकावरून काढलेल्या, कुणी सकाळी धक्क्यावर घेतलेल्या. सगळे वाचले. दादाचा हात दुसऱ्या दिवशी सकाळी हलला. आधी करंगळी, मग मनगट. दुपारी नळी काढली. घसा बसला होता, तरी त्याला बोलायचंच होतं.

"मी सगळं ऐकत होतो," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले, तू काय म्हणालीस. ही माझ्या कानाशी पुटपुटत होती की बरे व्हा, मग बघते तुमच्याकडे. पापणीसुद्धा हलत नव्हती गं माझी."

वहिनी तेव्हा कुठे रडली. आईनं तिला जवळ घेतलं. मग लेकीकडे बघून आई म्हणाली, "तू परवा घरी येऊन अंगठा वर केलास म्हणून मी काल चूल पेटवली." तिला टोचायचं नव्हतं. झालं ते तिनं सांगितलं. पण त्या वाक्यातल्या एका शब्दानं थेंबवाली ताडकन उठली.

अंगठा.

आजोबांना भोंगा ऐकू आला नसणार. सबंध बंदर ओरडत असताना त्यांना काहीच ऐकू आलं नसणार, आणि तिला ते काल दिवसभर सुचलं नव्हतं.

नावाडी तिच्याबरोबर गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आजोबा खुर्चीत बसले होते, मांडीवर जाळं, मान एका बाजूला. टेबलावर वाडगा, वाडग्यात रिकाम्या शिंपल्या, एकात एक नीट रचून ठेवलेल्या. झोपलेच आहेत असं वाटावं. नावाड्यानं त्यांच्या हाताला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

थेंबवालीला रडू आलं नाही. ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत राहिली. नावाड्यानं तिला घरी पोचवलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशीला वरून माणसं आली. त्यांनी जिवंत पाण्याचा थेंब पाहिला, फॉर्मलिन लावून पाहिलं. सूचना वरूनच आलेली होती, त्यामुळे तिच्यावर ठपका आला नाही. सूचना बदलली. पाणी जिवंतच आणायचं, त्याच दिवशी बघायचं, शिंपलीचा गर तपासून आल्याशिवाय माल हलवायचा नाही, असं ठरलं. खाडी बराच काळ बंद राहिली. कॉलेजातल्या बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी फोन केला. "मीही वर्षानुवर्षं ते नाव सोलून दाखवलं, आणि साल टाकून पुढे गेले," एवढंच त्या म्हणाल्या.

ठपका आला नाही, याचा तिला आधार वाटला नाही. रात्री डोळा लागला की थेंबातल्या पेशी फुगायला लागायच्या. चहाच्या दुकानावरून जायचं तिनं सोडून दिलं, लांबच्या वाटेनं जायची.

आजोबांची मुलगी घर आवरायला आली तेव्हा दादाच म्हणाला, "आपण जाऊ या."

मुलगी तिच्याच वयाची होती, एका शाळेत स्वयंपाक करायची. दार उघडून तिनं दोघांना आत घेतलं, बसायला खुर्च्या पुसून दिल्या. तिला सगळं आधीच कळलेलं होतं. तरी थेंबवालीनं तोंडानं सांगितलं, "त्यांनी मला विचारलं होतं. मी खा म्हटलं."

मुलगी दादाकडे वळली. "तुम्हालाही झालं होतं ना? मशीनवर होता म्हणे तुम्ही."

"हो."

"खूप दुखतं का?"

दादानं बहिणीकडे पाहिलं नाही. "दुखत नाही," तो म्हणाला. "खरं सांगतो, दुखत नाही अजिबात. हलकं वाटतं, तरंगल्यासारखं. मग हात ऐकत नाही, पाय ऐकत नाही. तेव्हा भीती वाटते. ती वाटते. मला फार वाटली."

"किती वेळ?"

"मला मशीन होतं. त्यांना... फार वेळ नसेल वाटली."

मुलीनं मान हलवली. तिला खोटं नको होतं आणि दादानं दिलंही नव्हतं. ती उठून खिडकीशी गेली, परत आली. मग थेंबवालीला म्हणाली, "मला दाखवता का? कशानं गेले ते?"

तिघं ऑफिसात आली. पाण्यात अजून तुरळक माळा होत्या. थेंबवालीनं थेंब घेतला, स्टूल खाली केलं, डोळा कुठे लावायचा ते दाखवलं आणि बाजूला सरकली. मुलीला आधी काही दिसेना, स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसलं.

"हे? एवढंसं?"

"हो."

"फिरतंय."

"गिरकी घेत पोहतं."

"काहीच नाही की हो याच्या अंगावर," मुलगी म्हणाली. ती बराच वेळ बघत राहिली. "सुंदर आहे," असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ती चटका बसल्यासारखी मागे सरकली. तोंडावर हात दाबून ती थेंबवालीकडे बघू लागली, जणू बापाबद्दलच ती काही वाईट बोलून गेली होती.

"मलाही वाटलं होतं," थेंबवाली म्हणाली. "त्याच दिवशी. भाऊ तिकडे पडलेला असताना."

मग मुलीनं विचारलं, परतीची गाडी कुठून सुटते. दादा तिला पोचवायला गेला. थेंबवालीनं काच धुतली, पुसून ठेवली आणि दुसरी बाटली उघडली. नावाड्यानं ती आत्ताच आणून ठेवली होती. पाणी अजून गार होतं.